घरच्या संगणकावर मेल सर्व्हर शिकायचा आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्न : देवबागला आमचं घर आहे. वरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. बुकिंग फोनवर आणि जीमेलवर येतं. मी मालवणला डिप्लोमा करतो आहे. घरात एक जुना डेस्कटॉप होता, त्यावर डेबियन लिनक्स घातलं आणि माहिती वाचून पोस्टफिक्स टाकलं. इन्स्टॉल दहा मिनिटांत झालं, पण बाहेर मेल जात नाही. कॉन्फिगरेशनची फाइल उघडली की कुठली ओळ बदलायची तेच कळत नाही. नवशिक्याने मेल सर्व्हर शिकायला नेमकी कुठून सुरुवात करावी? घरच्या कनेक्शनवर तो चालेल का? पावसात आमच्याकडे वीज जाते, तेव्हा येणाऱ्या मेलचं काय होतं? आणि ईमेलचा पत्ता मराठीत ठेवता येतो का?
— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : ती फाइल तूर्त बंद करून ठेवा. दोन मेल सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते आधी स्वतः बोलून पाहा. एकदा तेवढं केलंत की फाइलमधल्या निम्म्या ओळींचा अर्थ आपोआप लागेल.

मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे जे नियम आहेत त्यांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ते लिहून काढले. पुढे त्यांत भर पडली, २००८ मध्ये सुधारित मसुदा आला, पण गाभा तोच राहिला. आणि हा गाभा म्हणजे हाताने टाईप करता येतील असे मोजके शब्द आहेत. तुमच्या डेस्कटॉपवर पोस्टफिक्स चालू आहेच. टर्मिनल उघडा आणि टेलनेटने आपल्याच यंत्राच्या २५ क्रमांकाच्या पोर्टला जोडून घ्या. समोरून २२० हा आकडा आणि तुमच्या यंत्राचं नाव येईल. आता 'हेलो' लिहून पुढे स्वतःचं नाव सांगा. आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाईप करायच्या, आणि या 'हेलो'त एल एकच आहे. त्या वेळच्या आज्ञा चार-चार अक्षरांच्या होत्या. दोन एल घातलेत तर आज्ञा ओळखता आली नाही असं उत्तर येईल. नीट लिहिलंत तर सर्व्हर २५० म्हणेल.

मग 'मेल फ्रॉम', कोलन आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. पुन्हा २५०. मग 'आरसीपीटी टू', कोलन आणि ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता. इथे तुमच्याच लिनक्सवर उघडलेल्या दुसऱ्या एखाद्या युजरचा द्या. पुन्हा २५०. मग 'डेटा'. यावर सर्व्हर ३५४ म्हणतो, म्हणजे सांगा, लिहून घेतो. विषयाची ओळ लिहा, एक ओळ रिकामी सोडा, मजकूर लिहा आणि शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब देऊन एंटर दाबा. २५० परत येईल आणि त्यासोबत रांगेतला एक क्रमांक मिळेल. 'क्विट' लिहिलंत की सर्व्हर २२१ म्हणून जोडणी बंद करतो. दुसऱ्या युजरने लॉगिन करून आपली पेटी उघडली की तुमचं पत्र तिथे असेल.

हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला अंक २ असेल तर काम झालं. ३ म्हणजे पुढे बोला. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. ५ म्हणजे हे होणार नाही, परत न्या. मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस लॉग उघडतो तेव्हा त्याची नजर आधी याच अंकावर जाते. ४ आणि ५ मधला फरक ज्याला कळला त्याचं पुष्कळ शिकून झालं, असं मी म्हणेन.

या संभाषणात आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. 'मेल फ्रॉम'नंतर तुम्ही कोणाचाही पत्ता लिहा, सर्व्हर ओळख मागत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी हवं ते नाव लिहून ते टपालपेटीत टाकता येतं, तसंच हे आहे. १९८२ च्या त्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी केंद्रं होती. खोटं नाव सांगून कोणी आत येईल ही भीती तेव्हा नव्हती. आज मेल सर्व्हर उभा करताना जी खरी मेहनत पडते ती ही उणीव भरून काढण्याची. तिच्याकडे पुढे येतो.

आता फाइल. मुख्य फाइल एकच, मेन डॉट सीएफ. पोस्टफिक्सला शेकडो सेटिंग आहेत, पण बहुतेकांची मूळ मूल्यं नीट विचार करून ठेवलेली असतात आणि त्यांना हात लावायची गरज पडत नाही. 'पोस्टकॉन्फ' ही आज्ञा 'एन' हा पर्याय लावून चालवली की फाइलमध्ये प्रत्यक्ष लिहिलेल्या ओळी तेवढ्या दिसतात. त्या पंधरा-वीसच निघतील. त्यांतल्या चार आधी समजून घ्या. 'मायहोस्टनेम' म्हणजे हा सर्व्हर जगाला आपलं नाव काय सांगतो. 'मायडेस्टिनेशन' म्हणजे कोणत्या डोमेनचं टपाल माझं, मी इथेच ठेवून घेईन. 'रिलेहोस्ट' म्हणजे बाहेरचं टपाल मी स्वतः न पोहोचवता कोणाच्या हाती देऊ. आणि 'मायनेटवर्क्स' म्हणजे कोणाकडून आलेलं टपाल मी ओळख न मागता बाहेर पाठवीन.

शेवटच्या ओळीपाशी थांबा, कारण नवशिक्याच्या हातून सगळ्यांत मोठं नुकसान इथेच होतं. मेल जात नाही म्हणून माणूस वैतागतो, कुठेतरी वाचतो की मायनेटवर्क्समध्ये सगळ्या जगाचा पत्ता टाकला की अडथळा जातो, आणि टाकतो. अडथळा जातो खरा. पण त्या क्षणापासून तो सर्व्हर 'ओपन रिले' झालेला असतो: जगातला कोणीही त्याच्याकडून कोणालाही मेल पाठवू शकतो. उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड चालू असतात. त्यांना असा सर्व्हर सापडायला वेळ लागत नाही, आणि मग तुमच्या नावावर हजारो जाहिराती आणि फसवणुकीची पत्रं जातात. तो आयपी पत्ता काळ्या यादीत गेला की बाहेर काढताना जीव मेटाकुटीला येतो. मायनेटवर्क्समध्ये आपल्या यंत्राचा १२७ ने सुरू होणारा पत्ता ठेवा, बाकी काही नको. फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून मेल पाठवायचा असेल तर पासवर्डने ओळख पटवून ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून पाठवायचा. त्यासाठीच ती पोर्टं आहेत.

शिकण्याच्या काळात डोमेनचं नाव शेवटी '.टेस्ट' असलेलं घ्या. हे नाव प्रयोगांसाठी १९९९ पासून राखून ठेवलेलं आहे, ते खऱ्या इंटरनेटवर कधीच दिलं जात नाही, त्यामुळे चुकून तुमचं पत्र भलत्याच्या दारात जाणार नाही. आणि पोस्टफिक्सची सगळी माहिती तुमच्या यंत्रातच 'मॅन' पानांत आहे; देवबागचं नेट गेलं तरी ती उघडते.

लॉगविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण शिकवणाऱ्या बहुतेक लेखांत तो शेवटी येतो आणि माझ्या मते तो पहिल्या दिवशी यायला हवा. एका टर्मिनलमध्ये लॉग सतत चालू ठेवा आणि दुसऱ्यात ते टेलनेटचं संभाषण पुन्हा करा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेगवेगळी नावं दिसतील. एसएमटीपीडी हा दारावर बसून बाहेरून आलेलं घेतो. क्लीनअप ते नीट लावून रांगेत ठेवतो. क्यूएमजीआर रांग सांभाळतो. पत्र घरातलंच असेल तर लोकल ते पेटीत टाकतो, बाहेरचं असेल तर एसएमटीपी ते घेऊन जातो. शेवटी 'डी' असलेला घेणारा, 'डी' नसलेला देणारा, एवढं ध्यानात ठेवलंत तर अर्धा गोंधळ मिटेल. आणि तो जो रांगेतला क्रमांक मिळाला होता, तो या सगळ्या ओळींत तोच दिसतो. त्या क्रमांकाने लॉगमध्ये शोध घेतला की एका पत्राचा आत येण्यापासून पोहोचेपर्यंतचा सगळा प्रवास सलग वाचता येतो.

एकाच कामासाठी एवढे वेगवेगळे प्रोग्राम का, असं तुम्हाला वाटेल. याला इतिहास आहे. आधी जगभर सेंडमेल चालायचा. एरिक ऑलमन यांनी तो बर्कलीला लिहिला होता, आणि तो एकच मोठा प्रोग्राम सर्वाधिकार घेऊन सगळं काम करायचा. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म हा संगणकांत आपोआप शिरणारा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला, तो ज्या वाटांनी आत शिरला त्यांतली एक सेंडमेलमधली होती. वीत्सा व्हेनेमा हे डच संशोधक आयबीएममध्ये असताना त्यांनी डिसेंबर १९९८ मध्ये पोस्टफिक्स बाहेर आणला, तो नेमका याच्या उलट बांधून: छोटे छोटे प्रोग्राम, प्रत्येकाकडे आपल्या कामापुरताच अधिकार, एकजण फसला तरी बाकी घर शाबूत. तुमच्या लॉगमधली ती नावं म्हणजे हीच रचना आहे. केंब्रिजला फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये लिहिलेला एक्झिम हाही चांगला आहे, पण शिकायला पोस्टफिक्स मला अधिक सरळ वाटतो. तुम्ही निवड योग्य केली आहे.

आता घरच्या कनेक्शनचं. तुमच्या लॉगमध्ये बाहेर पाठवलेल्या पत्रासमोर 'डिफर्ड' आणि पुढे 'कनेक्शन टाइम्ड आउट' असं दिसत असणार. पोस्टफिक्सने आपलं काम बरोबर केलं आहे. तो समोरच्या सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टवर जायला निघाला आणि वाटेत अडला. घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट पुष्कळ कंपन्या बंद ठेवतात, कारण व्हायरस लागलेले घरचे संगणक त्याच वाटेने स्पॅम ओकत असत. दुसरी अडचण आत येण्याची. राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरून मिळालेला आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात असेल तर तुमच्याकडे स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, एकच पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटला आहे; मग बाहेरचा सर्व्हर तुमच्या दारापर्यंत येऊच शकत नाही. तिसरी अडचण अशी की घरगुती आयपी पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या यादीत 'इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही' म्हणून नोंदवलेले असतात. तेव्हा घरून थेट जगाला मेल पाठवायचा नाद सोडा. डेस्कटॉप शिकण्यासाठी उत्तम आहे. घरातल्या घरात दोन-तीन युजर, दोन फोन, सगळं वायफायवर: एवढ्यात पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही पुरते शिकून होतात.

डव्हकॉट हा दुसरा भाग. पोस्टफिक्स पत्र आणतो आणि पेटीत टाकतो. पेटी उघडून ते फोनवर दाखवायचं काम डव्हकॉटचं. फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी तो २००२ मध्ये आणला. यात एकच सावधगिरी सांगतो. २०२५ च्या सुरुवातीला डव्हकॉट २.४ आला आणि त्याच्या कॉन्फिगरेशनची मांडणी बदलली. डेबियन १३ मध्ये हाच आहे. २.३ साठी लिहिलेल्या जुन्या मार्गदर्शकातल्या ओळी तिथे जशाच्या तशा टाकल्या तर तो सुरूच होणार नाही. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा, मग लेख शोधा. आणि पेट्यांसाठी 'मेलडिर' ही पद्धत घ्या: प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल. फोल्डरमध्ये जाऊन पत्र डोळ्यांनी बघता येतं, हा शिकणाऱ्याला मोठाच आधार असतो.

विजेची काळजी मात्र तुम्ही वाटते त्याहून कमी करा. ईमेल जन्माला आला तोच अधूनमधून तुटणाऱ्या जोडण्या गृहीत धरून. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती, आणि जुहूची एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, हे त्याचं एक प्रमुख ठाणं होतं. एस. रमाणी तिथे संचालक होते. २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांची नोंद झाली. त्या जाळ्यावर सगळ्यांत आधी सुरू झालेली सेवा ईमेलचीच, आणि ती यूयूसीपी पद्धतीने चालायची: पत्रं रांगेत साठवायची, टेलिफोनची लाइन लागली की एकदम पलीकडे ढकलायची, लाइन तुटली तर पुन्हा लावायची. दिल्ली ते मुंबई अशी ९.६ केबीपीएसची पहिली भाड्याची लाइन जानेवारी १९९१ मध्ये आली, आणि जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४ केबीपीएसची जोडणी १९९२ मध्ये. आज तुमच्या खिशातला फोन देवबागच्या बंदरावरही याहून कितीतरी वेगवान आहे. सर्वसामान्यांना व्हीएसएनएलकडून इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्याआधी मुंबईतल्या त्या मंडळींनी रांगेवर भरवसा ठेवूनच जगाशी पत्रव्यवहार केला.

ती रांग अजून तशीच आहे. तुमचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. तो ते आपल्याकडे ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावतो. चार ते पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये असं नियमांतच म्हटलं आहे. पोस्टफिक्समध्ये मुळात पाच दिवसांची मुदत आहे. सुरुवातीला पाच मिनिटांनी, मग अंतर वाढवत तासाभराच्या थोड्या वरपर्यंत, असा तो खेटे घालतो. आषाढातली एक रात्र किंवा एक दिवस वीज गेली तर येणारं पत्र उशिरा येईल, हरवणार नाही. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळासारखं संकट आलं, जेव्हा किनाऱ्यावरच्या अनेक गावांत काही दिवस वीज नव्हती, तर मात्र मुदत संपू शकते. भीती खरी आहे ती डिस्कची. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल बिघडू शकते. जुन्या डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावा आणि पेट्यांची प्रत आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर घ्या.

घरात सगळं जमलं, लॉग वाचता यायला लागला, की मगच खऱ्या डोमेनकडे वळा. '.इन'चं डोमेन वर्षाला काहीशे रुपयांपासून मिळतं. ('.इन'चा कारभार आधी त्याच जुहूच्या एनसीएसटीकडे होता. २००५ पासून तो निक्सी या संस्थेकडे आहे.) सोबत एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, ज्याला व्हीपीएस म्हणतात. एक जीबी मेमरी पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला पुरते. घेण्यापूर्वी कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा: बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट उघडं मिळेल का, आणि आयपी पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, माझ्या नावाने करून द्याल का? दोन्हींपैकी एकालाही नकार आला तर तिथे पैसे भरू नका.

आता ती पाकिटावरच्या नावाची गोष्ट. खोटं नाव ओळखायला गेल्या वीसेक वर्षांत तीन व्यवस्था उभ्या राहिल्या, आणि तिघींच्याही नोंदी तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, जातात. एसपीएफ जाहीर करतो की माझ्या डोमेनचं टपाल अमुक यंत्रांवरूनच निघतं. डीकिम प्रत्येक पत्रावर गणिती सही करतो. सहीची खासगी किल्ली सर्व्हरवर राहते, तपासायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये. डीमार्क सांगतो की या दोन्ही तपासण्यांत पत्र नापास झालं तर त्याचं काय करायचं, आणि तसं झाल्याचा अहवाल कुठे धाडायचा. सुरुवातीला डीमार्कचं धोरण 'नन' ठेवा, महिनाभर अहवाल वाचा, मगच कडक करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम सक्तीचे केले. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रं पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात. तुमच्यासारख्या छोट्याला एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक, पीटीआर आणि टीएलएस, म्हणजे वाटेत पत्र कोणाला वाचता येऊ नये याची सोय, एवढं तरी लागतंच. मी सांगेन की तिन्ही कराच. काम एका संध्याकाळचं आहे. टीएलएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आहे. ती लावून ठेवा, म्हणजे एखाद्या सकाळी फोनवर मेल उघडेनासा होणार नाही.

झालं की एक पत्र ओळखीच्या कोणाच्या जीमेलवर पाठवा आणि त्यांच्या संगणकावर ते उघडून मेनूतून मूळ पत्र दाखवणारा पर्याय निवडा. सर्वांत वर एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा तीन नोंदी असतात आणि प्रत्येकीपुढे 'पास' किंवा 'फेल'. तीनदा 'पास' दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतरही पहिली काही पत्रं स्पॅममध्ये पडू शकतात. नव्या आयपी पत्त्याची पत जमायला वेळ लागतो. थोडी, खरी, उत्तर येणारी पत्रं पाठवत राहणं हाच त्यावरचा उपाय.

मेलकाऊ, मेल-इन-अ-बॉक्स अशी सगळं एकत्र बांधून दिलेली तयार पॅकेजंही मिळतात. वाईट नाहीत. पण मेलकाऊला निदान सहा जीबी मेमरी लागते, आणि शिकायचं असेल तर आधी हाताने उभारा. पुढे सोयीसाठी पॅकेज घेतलंत तरी आत काय चाललं आहे ते तुम्हाला कळलेलं असेल.

मराठी पत्त्याचं उत्तर 'येतो, पण' असं आहे. मूळ एसएमटीपी फक्त इंग्रजी अक्षरं जाणतो. १९९२ मध्ये माइम नावाची सोय आली, तेव्हापासून मजकूर आणि विषय कुठल्याही लिपीत जाऊ लागले, पण वाटेत वेश बदलून. पेटीतली एखादी फाइल उघडून मराठी विषयाची ओळ पाहा: आधी यूटीएफ-८ अशी खूण आणि पुढे अगम्य रोमन अक्षरं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि बेस ६४ पद्धतीत तीन बाइटांची चार रोमन अक्षरं होतात. 'देवबाग' या शब्दात काने-मात्रे धरून सहा चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट आणि वाटेवर २४ अक्षरं. हाताने मोजून पाहा, बरोबर येतं. पत्त्यातच देवनागरी हवी तर त्यासाठी २०१२ मध्ये वेगळे नियम झाले. '.भारत' ही डोमेनं २०१४ पासून मिळतात आणि पोस्टफिक्स ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून, तयार आहे. जीमेलही असे पत्ते स्वीकारतं. पण वाटेतला एखादा सर्व्हर जुना असेल तर पत्र परत येतं. म्हणून देवनागरी पत्ता हौसेने जरूर घ्या, मलाही तो पाहायला आवडेल, पण त्याच्या जोडीला रोमन पत्ता ठेवा आणि खोलीच्या पाटीवर तोच लिहा.

राहिला बुकिंगचा विषय. तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात तो आहे. घरचं उत्पन्न ज्या पत्रांवर आहे ती शिकाऊ सर्व्हरवर आणू नका. डोमेन मात्र आत्ताच घ्या आणि त्यावरचा पत्ता एखाद्या पैसे घेणाऱ्या मेल सेवेकडे जोडा. आपल्या किनाऱ्यावर निवास-न्याहारीच्या पाट्यांवर सरसकट जीमेलचेच पत्ते असतात. ते खातं काही कारणाने बंद झालं तर जुन्या पाहुण्यांशी असलेला धागाच तुटतो. डोमेन स्वतःचं असेल तर पत्ता तोच राहतो, मागचा सर्व्हर कोणाचा ते डीएनएसमधल्या एमएक्स नोंदीवर ठरतं, आणि ती नोंद बदलणं तुमच्या हातात असतं. दोन वर्षांनी तुमचा स्वतःचा सर्व्हर भरवशाचा झाला की तीच नोंद बदलून टपाल त्यावर आणा. पाहुण्यांना काही कळवावंही लागणार नाही. हे काम येणारी माणसं आपल्या जिल्ह्यात फार थोडी आहेत. शाळा, पतसंस्था, बोटवाल्यांच्या संघटना, सगळ्यांना स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असतो आणि तो करून देणारं जवळ कोणी नसतं. तुम्ही शिकलात तर त्यांना उपयोग होईल, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद असतात, पाहुणे कमी असतात, तोच काळ शिकायला धरा. अडलात तर पुन्हा लिहा. मात्र पत्रात 'मेल जात नाही' एवढंच लिहू नका: रांगेतल्या एका क्रमांकाच्या लॉगमधल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा उतरवा, 'पोस्टकॉन्फ एन'ने दाखवलेल्या ओळी जोडा आणि पासवर्ड असेल तिथे फुल्या मारा. उत्तर बहुधा त्या ओळींतच असेल.